जुन्या नकाशावरची हिमनदी कितपत खरी मानायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गढवालमधल्या एका खोऱ्याचे तीन नकाशे तुमच्याकडे आहेत. एक एकोणिसाव्या शतकातल्या शीटचं स्कॅन, दुसरं 1936 च्या सुमारास सर्वेक्षण झालेलं मैलाला अर्धा इंच प्रमाणाचं शीट, आणि तिसरं 1960 च्या दशकातल्या हवाई छायाचित्रांवरून काढलेलं 1:50,000 चं टोपोशीट. तिन्ही तुम्ही आजच्या उपग्रह प्रतिमेवर बसवलीत. पहिल्या शीटवर अख्खं खोरं पूर्वेला चारेक किलोमीटर सरकलेलं दिसतं. दुसरं शीट खरं धरलं तर मुख्य हिमनदीचं तोंड, म्हणजे खालचं टोक, आजवर 1.4 किलोमीटर मागे गेलंय आणि डाव्या हाताची एक उपहिमनदी पार नाहीशी झालीय. तिसऱ्या शीटवर तर हिमनदी 1936 पेक्षा मोठी दिसते. यातला कुठला नकाशा खरा, असं तुम्ही विचारलंय.

मी वीसेक वर्षं हेच काम करतो: जुने नकाशे आजच्या प्रतिमांवर बसवायचे, फरक मोजायचे, आणि जमेल तेव्हा त्या जागी जाऊन पाहायचं. एवढ्या काळात मला एक गोष्ट पक्की कळलीय. असल्या खोऱ्यांचा नकाशा अख्खा खरा किंवा अख्खा खोटा नसतो. त्याच शीटवरची एक रेघ मीटरांच्या हिशेबात पक्की असते आणि तिच्यापासून दोन बोटांवरची दुसरी रेघ निव्वळ अंदाजाची असते. म्हणून "नकाशा खरा का?" हा प्रश्न सोडून प्रत्येक रेघेला विचारायचं, "तुला कुणी, कुठे उभं राहून पाहिलं?" तुमच्या चारही कोड्यांची उत्तरं या एका प्रश्नातून निघतात. मात्र तुमची शीटं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे पुढचं बरंचसं तुम्हाला तुमच्या समासातल्या मजकुराशी ताडून घ्यावं लागेल.

सगळ्यात सोपं कोडं आधी उरकू. पूर्वेला सरकलेले चार किलोमीटर ही सर्वेक्षकाची चूक नव्हे. त्या काळच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातली सगळी रेखावृत्तं मद्रास वेधशाळेच्या रेखावृत्तावरून मोजत आणली होती, आणि तो आकडाच थोडा जास्त धरला गेला होता. तारयंत्र आल्यावर रेखावृत्तं नेमकी काढता येऊ लागली आणि चूक उघड झाली. मध्य भारतातलं कल्याणपूर हे सगळ्या जाळ्याचं मूळ स्थान. त्याचं रेखावृत्त 77°41'44.75" वरून 77°39'17.57" असं दुरुस्त झालं, म्हणजे 2 मिनिटं 27 सेकंदांचा फरक. तुमच्या खोऱ्याच्या अक्षांशावर, साधारण 31° उत्तरेला, तो जवळजवळ 3.9 किलोमीटर भरतो. तुमचा "चारेक किलोमीटर" हाच आहे. जुन्या शीटच्या समासात रेखावृत्तांबद्दल बारीक अक्षरांत एक टीप असते ती शोधा, तेवढा फरक वजा करा आणि शीट पुन्हा बसवा.

अर्ध्या इंचाच्या शीटला ही दुरुस्ती लावू नका, ती त्यात आधीच झालेली असते. पण तिथे डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या गणिती आकारावर मोजले याचा, मुद्दा राहतो. हे जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट गोलाभ नावाच्या आकारावर काढलेले आहेत आणि उपग्रह प्रतिमा डब्ल्यूजीएस 84 या जागतिक डेटमवर असते. गढवालमध्ये दोन्हींत साधारण दीडशे मीटरची सरक पडते आणि ती मुख्यतः पूर्व-पश्चिम असते. शीटच्या चार कोपऱ्यांचे आकडे थेट डब्ल्यूजीएस 84 म्हणून टाकले असतील, तर एवढी चूक तुम्ही स्वतःच घातलीय. हे फार लोक करतात.

आता 1936 च्या शीटकडे येऊ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण खरा जीव या शीटमध्ये आहे. 1930 च्या दशकात भारतीय सर्वेक्षण विभागानं गढवालच्या हिमाच्छादित भागाचं नव्यानं सर्वेक्षण केलं. गॉर्डन ऑस्मॅस्टन यांच्या तुकड्या त्याच काळात गंगोत्री आणि नंदादेवीच्या परिसरात काम करत होत्या. त्यांचं मुख्य साधन होतं प्लेन टेबल: तिपाईवर बसवलेला लाकडी फळा, त्यावर ताणून चिकटवलेला कागद, नेम धरायची पट्टी आणि उंचीचे कोन मोजायला क्लायनोमीटर. कागदावर आसपासच्या शिखरांची त्रिकोणीकरणातून (दुरून कोन मोजून केलेल्या त्रिकोणांच्या गणितातून) मिळालेली ठिकाणं आधीच टिंबांनी मांडलेली असत. सर्वेक्षक डोंगराच्या एखाद्या सोंडेवर चढायचा, फळा समतल करायचा, तीन ओळखीच्या शिखरांवर पट्टीनं नेम धरून उलट्या रेघा ओढायचा. त्या तीन रेघा जिथे एकत्र येतील तिथे तो स्वतः. तिथून मग नव्या जागांकडे किरण ओढायचे: तो खडक, तो संगम, ते हिमनदीचं तोंड. पुढच्या ठाण्यावरून त्याच जागांवर पुन्हा नेम धरला की दोन किरण जिथे छेदतात तिथे ती जागा कागदावर पक्की होते. तिसऱ्या ठाण्यावरचा किरणही त्याच टिंबातून गेला तर आणखी पक्की.

या पद्धतीतच नकाशाच्या भरवशाचं गणित आहे. दोन-तीन ठिकाणांहून छेदलेला बिंदू भक्कम असतो. दोन बिंदूंच्या मधली समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ) मात्र सर्वेक्षक समोरचा डोंगर पाहत डोळ्यांच्या अंदाजानं ओढायचा. चांगल्या सर्वेक्षकाची ती रेषा थक्क करणारी असते, पण ती चित्र आहे, मोजमाप नव्हे. आणि जे कुठल्याच ठाण्यावरून दिसलं नाही, तिथे त्यानं काढलेलं काहीही केवळ तर्क असतो.

शिखरं पक्की आणि त्यांच्या पायथ्याशी असलेला बर्फ कच्चा, ही विसंगती हिमालयाच्या नकाशांत पहिल्यापासून आहे. 1856 मध्ये सर्वेक्षक माँटगोमरी यांनी काश्मीरमधल्या हरमुखवरून दोनशे किलोमीटरहून दूरचं के2 शिखर थिओडोलाइट या कोन मोजायच्या दुर्बिणीनं टिपलं. पण त्याच्याखाली बर्फाचा केवढा पसारा आहे हे कागदावर यायला 1861 उजाडावं लागलं, सर्वेक्षक गॉडविन-ऑस्टेन प्लेन टेबल घेऊन बाल्टोरो हिमनदीवर चढले तेव्हा. न दिसलेला भाग माणसाला किती फसवतो याचं उदाहरण त्याच काराकोरममध्ये आहे. वर्कमन या गिर्यारोहक दांपत्याच्या मोहिमांनी एक हिमनदी अशी नोंदवली की तिला बाहेर पडायला वाटच नाही, चारही बाजूंनी डोंगरकड्यांनी बंद. कॉर्निस हिमनदी म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. 1937 मध्ये गिर्यारोहक टिलमन प्रत्यक्ष तिथे पोचले तेव्हा तिलाही बाकीच्या हिमनद्यांसारखी वाट असल्याचं दिसलं. आधीच्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. ते जिथे उभे होते तिथून ती वाट दिसत नव्हती, एवढंच.

तुमची नाहीशी झालेली उपहिमनदी मला याच जातीची वाटते. असं का म्हणतो त्यासाठी एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी गढवालमधल्याच दुसऱ्या एका खोऱ्यावर काम करताना मला अगदी हेच दिसलं होतं. अर्ध्या इंचाच्या शीटवर मुख्य हिमनदीला येऊन मिळणारी तीनेक किलोमीटरची उपहिमनदी होती. प्रतिमेवर तिथे कड्याला चिकटलेले बर्फाचे दोन तुकडे आणि खाली नुसता दगडगोटा. मी अहवालाच्या मसुद्यात "संपर्क तुटला, बहुतांश भाग वितळला" असं लिहूनही टाकलं होतं. त्या सप्टेंबरमध्ये आम्ही खोऱ्यात गेलो आणि शीटवर उंचीचा आकडा लिहिलेल्या एका गवताळ खांद्यावर चढलो. माथ्यावर दगडांची ढासळलेली रास होती. ती त्याच सर्वेक्षणातली की एखाद्या मेंढपाळाची, हे सांगता येणार नाही, पण जागा शीटवरच्या टिंबाशी तंतोतंत जुळत होती. तिथे उभं राहून समोर पाहिलं. उपदरीचं तोंड दिसत होतं, त्याच्यावर बर्फाची एक पायरी दिसत होती, आणि तिच्या वर काळ्या खडकाची एक सोंड आडवी आलेली. सोंडेमागचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. शीटची छापील प्रत सोबत होती. ती गुडघ्यावर पसरून मी त्या उपहिमनदीवरून बोट फिरवत वर गेलो. पायरीपर्यंत समोच्चरेषा अखंड होत्या. बोट सोंडेच्या रेघेवर पोचलं आणि तिथून पुढे त्या तुटक झाल्या. तुटक रेषा म्हणजे उंची मोजलेली नाही, फक्त आकार सुचवलाय. सर्वेक्षकानं आपल्याला काय दिसलं नाही ते प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतं. स्कॅन संगणकात घेताना त्या तुटक रेषा मी अखंड म्हणून गिरवल्या होत्या. चूक माझी होती.

तेव्हापासून मी ठरवलंय, सर्वेक्षकाची ठाणी शोधल्याशिवाय वरच्या खोऱ्यांबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. प्रत्येक वेळी डोंगरावर जायची गरज नसते. शीटवर उंचीचे आकडे दिलेल्या सोंडा आणि माथे ही ठाण्यांची पहिली यादी. आजच्या उंची-प्रारूपावर (चौकटी-चौकटीची उंची दिलेल्या संगणकीय नकाशावर) या प्रत्येक जागेवरून काय दिसतं याचं दृश्यक्षेत्र क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत संगणक प्रणालीत काढता येतं. सगळी दृश्यक्षेत्रं एकावर एक ठेवा. एकाही ठाण्यावरून न दिसणारा भाग राखाडी करा. तुमची उपहिमनदी त्या राखाडीत गेली, तर ती नाहीशी झाली असं म्हणताच येणार नाही, कारण ती मुळात कुणी पाहिलीच नव्हती. एक खबरदारी घ्या: हिमनदीचा पृष्ठभाग तेव्हा आजच्यापेक्षा उंच असणार, त्यामुळे काठावरच्या दोन-चार चौकटींवरून वाद घालू नका.

मुख्य हिमनदीच्या तोंडाची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे मी 1936 च्या बाजूनं बोलेन. खोऱ्यातली वाट नदीकाठानं जाते, तुकडीचा तळ बहुधा तोंडाच्या आसपासच पडतो, आणि बर्फाखालून नदी बाहेर पडते ती जागा दगडगोट्यांनी झाकलेल्या हिमनदीवरही ओळखू येते. त्यामुळे मुख्य तोंड हे प्लेन टेबलच्या नकाशावरचं बऱ्यापैकी विश्वासाचं ठिकाण असतं. उंचावर लटकलेल्या उपहिमनद्यांची तोंडं मात्र समोरच्या उतारावरून पाहिलेली असतात, त्यांना हा मान देऊ नका. (डावी-उजवी बाजू नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून सांगतात. तुमची "डाव्या हाताची" तशीच आहे ना, तेवढं तपासा. नसेल तर जुन्या वर्णनांशी मेळ बसणार नाही.)

मग 1.4 किलोमीटर खरे का? त्यात चूक किती असू शकते ते मोजू. या प्रमाणावर कागदावरचा 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 127 मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे 60 मीटरहून जास्त. जुना कागद दमटपणानं फुगतो-आकसतो आणि उभा-आडवा सारखा नाही. सुमारे 45 सेंटिमीटर उंचीच्या शीटवर अर्धा टक्का बदल झाला तरी दोन मिलिमीटर, म्हणजे अडीचशे मीटर. हे सगळं डोक्यात ठेवलं तर चार कोपऱ्यांवरून बसवलेल्या शीटवर मी तीनशे मीटरपेक्षा कमी अनिश्चितता सांगायला धजणार नाही. डेटमची चूक त्यात आणखी मिसळली असेल तर फरक कुठल्याही दिशेनं फुगेल.

यावर माझा उपाय असा की कोपरे विसरायचे आणि तोंडाच्या आसपासच्या हलत नसलेल्या चार-पाच खुणा धरायच्या. बाजूच्या ओढ्याचा मुख्य नदीशी झालेला संगम, खडकाळ सोंडेचं टोक, कड्याचा तीव्र कोपरा, जवळचं त्रिकोणीकरणाचं शिखर. वाळूगोट्यांच्या पात्रातला संगम धरू नका, तो पुरानं सरकतो. कातळात खोदलेला धरा. हिमोढाच्या (हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाच्या) कडाही नकोत, त्या ढासळतात. खुणा निवडल्या की तोंडाचं अंतर त्या खुणांपासून मोजा. "1936 मध्ये तोंड या संगमाच्या खाली होतं, आज वर आहे" हे वाक्य अक्षांश-रेखांशांच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मजबूत असतं, कारण सर्वेक्षकानं संगम आणि तोंड ही दोन्ही एकाच ठाण्यावरून, एकाच दुपारी पाहिलेली असतात. त्यांची परस्परांतली चूक पूर्ण शीटच्या चुकीपेक्षा खूपच लहान असते.

आकडा अशक्य आहे का, हेही पाहू. 1.4 किलोमीटरला साधारण नव्वद वर्षांनी भागलं तर वर्षाला पंधरा-सोळा मीटर येतात. त्याच गढवालमधल्या गंगोत्री हिमनदीची नोंद आपल्याकडच्या सर्वांत चांगल्या नोंदींपैकी आहे. 1935 मध्ये भूवैज्ञानिक जे. बी. ऑडेन यांनी तिच्या तोंडाचा मोठ्या प्रमाणावरचा प्लेन टेबल नकाशा केला आणि पुढे मोजणाऱ्यांनी त्यालाच आधार धरला. 1935 ते 1996 या काळात ती 1147 मीटर मागे गेल्याची नोंद आहे, म्हणजे वर्षाला सुमारे 19 मीटर. बारीक तपशील दाखवणाऱ्या उपग्रह प्रतिमांवरून 1965 ते 2006 साठी 819 मीटर मिळाले, म्हणजे वर्षाला वीसच्या आसपास. दोन वेगळ्या मार्गांनी केलेली मोजणी इतकी जवळ येते ती सुरुवातीचा नकाशा काळजीपूर्वक केल्यामुळेच. तेव्हा तुमचा आकडा अवाजवी नाही. पण गंगोत्रीचा वेग तुमच्या हिमनदीला लावूही नका. लांबी, उतार, वरच्या दगडगोट्यांचा थर आणि तोंडाशी साचलेलं तळं यांवर मागे हटण्याचा वेग बदलतो आणि शेजारच्या दोन हिमनद्याही वेगवेगळ्या वागतात.

राहिलं 1:50,000 चं शीट. ते नवं, छायाचित्रांवरून केलेलं, म्हणून जास्त अचूक, असा सगळ्यांचा समज असतो. शिखरं, कडे, ओढे यांच्याबाबतीत तो बरोबर आहे. बर्फाच्या हद्दीबाबतीत मात्र मी या पिढीच्या शीटांवर जास्त संशय घेतो. प्लेन टेबलवाला माणूस बर्फावर पाय ठेवून आलेला असायचा. छायाचित्रावरून रेघ ओढणारा कार्यालयात बसून त्रिमित यंत्रातून (छायाचित्रांच्या जोडीतून उंच-सखल दाखवणाऱ्या यंत्रातून) काळं-पांढरं पाहत होता. ताज्या हिमवर्षावानंतर किंवा उन्हाळा नीट सरण्याआधी विमान उडालं असेल, तर सावलीतला हंगामी बर्फही हिमनदीत मोजला जातो आणि हिमनदी फुगते. उलट तोंडाजवळचा भाग दगडगोट्यांनी झाकला असेल तर तो जमीन समजून सोडला जातो आणि हिमनदी आखडते. एकाच हिमनदीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला या दोन विरुद्ध चुका झालेल्या मी पाहिल्यात. वरच्या शुभ्र खोऱ्यात यंत्राला नजर रोवायला काही खूणच मिळत नाही, त्यामुळे तिथल्या समोच्चरेषाही डळमळीत असतात. तेव्हा 1936 नंतर तुमची हिमनदी वाढली असं लिहायची घाई करू नका. आधी पाहा, वाढ कुठे दिसते: तोंडाशी की वरच्या फांद्यांत? वर असेल तर तो बहुतेक हंगामी बर्फ.

यावर इलाज आहे आणि तो तुमच्या हाताशी आहे. अमेरिकेच्या कोरोना हेर उपग्रहांनी 1960 ते 1972 दरम्यान घेतलेली छायाचित्रं 1995 मध्ये खुली झाली. त्यातल्या शेवटच्या कॅमेऱ्यांची उत्तम छायाचित्रं दोनेक मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात. तुमच्या खोऱ्याचं ऑगस्ट ते ऑक्टोबरमधलं, कमी बर्फाचं एखादं मिळालं, तर 1:50,000 च्या शीटवरची हिमनदीची हद्द बाजूला ठेवा आणि ती स्वतः छायाचित्रावरून काढा. कोरोनाच्या लांब पट्ट्या कडांकडे विचित्र ताणल्या जातात, म्हणून सगळी पट्टी बसवायचा हट्ट न धरता तोंडाभोवतीचा तुकडा कापून तेवढाच, वर सांगितलेल्या खुणांवर बसवा.

कामाचा क्रम असा ठेवा: पहिल्या शीटला रेखावृत्ताची दुरुस्ती, दुसऱ्याला डेटम आणि स्थानिक खुणा, मग ठाणी आणि दृश्यक्षेत्र, आणि तिसऱ्याच्या जागी शक्यतो कोरोना. तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे छपाईचं नव्हे, सर्वेक्षणाचं वर्ष लिहा. दोन्हींत कधी कधी दहा-दहा वर्षांचं अंतर असतं आणि एकाच शीटचे भाग वेगवेगळ्या हंगामांत झालेले असतात. शीटच्या समासात, बहुधा खालच्या बाजूला, एक छोटा चौकोनी आराखडा असतो, कुठला तुकडा कुठल्या साली झाला ते दाखवणारा. स्कॅन करणारे नेमका तोच कापून टाकतात. तुमच्या प्रतीत तो नसेल तर दुसरी प्रत शोधा, एखाद्या ग्रंथालयात पूर्ण शीट मिळेल. त्या आराखड्याचा आणि उपहिमनदीभोवतीच्या समोच्चरेषांचा मोठा करून काढलेला फोटो पाठवलात, तर तिथे रेषा तुटक आहेत की अखंड ते आपण मिळून पाहू. स्कॅनची प्रत दाबलेली नसू दे, दाबलेल्या प्रतीत तुटक रेषा हमखास जुळून अखंड दिसतात.